तात्पुरत्या कामगाराचा वाली कोण?

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपुढे ताटकळणाऱ्या तरुणांची गर्दी पुणेकरांना नवी नाही. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, स्पर्धापरीक्षांचे प्रश्नसंच यांच्या ढिगाऱ्यांतून नोकरीची वाट शोधणाऱ्या कित्येक पिढ्या या चौकाने पाहिल्या. पूर्वी ही वाट सरकारी कचेरीच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्याच्या दाराशी थांबत असे. आता ती पारपत्राच्या कचेरीशी जाऊन थांबू लागली आहे. गावात काम नाही, शहरात कायम काम नाही. तेव्हा परदेशात तात्पुरते का होईना, काम मिळावे, ही आजच्या कष्टकरी तरुणाची आशा आहे. ही आशा हास्यास्पद नाही आणि लाजिरवाणीही नाही. लाजिरवाणा आहे तो तिचा बाजार मांडून वर स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या राज्यकर्त्यांचा व्यवहार.

पेठेतल्या एका जुन्या वाड्यातून एकाच महिन्यात दोन तरुण परदेशी निघाले आहेत, अशी कल्पना करावी. माडीवरचा तरुण अभियंता आहे. त्याची कंपनी त्याला दीड वर्षाच्या कामगिरीवर जर्मनीत श्टुटगार्टला पाठवीत आहे. तळमजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहणारा दुसरा तरुण फरशी बसविणारा कारागीर आहे. तो कराराने इस्रायलला बांधकामावर चालला आहे. दोघांच्याही कागदपत्रांत एकच शब्द आहे : तात्पुरता. एकाच छपराखालच्या या दोन माणसांना हा एकच शब्द किती निराळा भोगावा लागतो, हे नीट पाहिले की परदेशी रोजगाराच्या साऱ्या धोरणाचे वर्गीय स्वरूप उघडे पडते.

अभियंत्याचे आधी पाहू जावे. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा सर्वंकष करार १ मे २०१७ पासून अमलात आला. या कराराप्रमाणे कंपनीने तात्पुरत्या कामगिरीवर पाठविलेल्या नोकराचा भविष्यनिर्वाह निधी मायदेशात चालू राहतो. निधी संघटनेचा दाखला जवळ असला, की चार वर्षांपर्यंत त्याला तिकडच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी दुबार भरावी लागत नाही. काम संपले, की तो आपल्या खुर्चीवर परत येतो. खुर्ची गेलीच, तरी त्याची सेवा, त्याचा निधी, त्याचा अनुभव यांची कागदावर नोंद असते. त्याच्या बाबतीत ‘तात्पुरता’ हा शब्द फक्त कामाला लागतो. माणसाला लागत नाही.

कारागिराची गोष्ट उलटी आहे. जाण्याआधी प्रवासाचा, कागदपत्रांचा, वैद्यकीय तपासणीचा आणि ओळखीच्या माणसाच्या ‘चहापाण्याचा’ खर्च उभा करण्यासाठी घरातले किडुकमिडुक सराफाकडे गहाण पडते. महाराष्ट्रातील बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव टिकवायचे, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागत आला आहे. हा माणूस परदेशात वर्षाचे ३०० दिवस विटा-सिमेंटमध्ये राबेल. पण ते दिवस येथील मंडळाच्या हिशेबात कसे धरायचे, याची काही तजवीज नाही. म्हणजे मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाताच्या मदतीपर्यंत जे काही थोडे हक्क येथल्या कामगारांनी लढून मिळविले, त्यांची दोरी तो विमानात बसतो तेव्हाच सैल होते. तिकडे तो परका मजूर ठरतो आणि इकडे गैरहजर. दोन देशांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या या माणसाला बेवारस म्हणू नये, तर काय म्हणावे?

हा भेद योगायोगाने पडलेला नाही. भारत सरकारने सामाजिक सुरक्षेचे असे करार कोणाशी केले, ते पाहावे. बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, दक्षिण कोरिया, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही त्या यादीतील नावे आहेत. ज्या आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राबतात, त्यांतील एकही नाव या यादीत नाही. जेथे संगणकावर बसणारा जातो तेथे करार, आणि जेथे परातीत काँक्रीट वाहणारा जातो तेथे देवाचा भरवसा! १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांनी खच्चून भरलेल्या एका इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या शवपेट्या आणण्यासाठी हवाई दलाचे विमान तत्परतेने गेले. ते जिवंत असताना त्यांच्या निवाऱ्याची पाहणी करण्याची तत्परता मात्र कोणी दाखविली नव्हती.

आता कारागीर ज्या वाटेने निघाला, त्या वाटेविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात भारतीय कामगारांच्या ‘तात्पुरत्या’ नियुक्तीचा करार झाला. त्यानंतर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तेलंगणात भरती झाली. पहिल्या फेरीत १०,३४९ बांधकाम कामगार निवडल्याचे सरकारने अभिमानाने जाहीर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये ही भरती महाराष्ट्रात आली. सेंटरिंग, लोखंडकाम, गिलावा आणि फरशीकाम या चार कामांसाठी १०,००० माणसे आणि रुग्णसेवेसाठी ५,००० माणसे हवी होती. पुण्यात औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चाचण्या झाल्या. महिना सुमारे १ लाख ९२ हजार रुपये वेतनाचा आकडा वर्तमानपत्रांतून झळकला. दिवसाच्या हजेरीवर जगणाऱ्या, पावसाळ्यात तीही न मिळणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून भोवळ आली, तर त्याला दोष कोण देईल?

पण ही माणसे अचानक हवी का झाली, हा प्रश्न भरतीच्या जाहिरातीत नसतो. ७ ऑक्टोबर २०२३ पूर्वी इस्रायलच्या बांधकामावर, शेतांवर लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजूर काम करीत होते. युद्ध सुरू होताच त्यांचे परवाने रद्द झाले. एका जमातीच्या हातून काम काढून घेतले गेले आणि त्या रिकाम्या झालेल्या जागी उभे करण्यासाठी भारतीय हातांची मागणी आली. मुंबईच्या गिरणगावाला ‘बदली’ कामगार म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कोणी गैरहजर असेल तर काम मिळेल, या आशेने पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राहणारा, वर्षानुवर्षे राबूनही कायम न होणारा तो माणूस. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत या बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. आज भारत सरकारने आपल्या कामगाराला थेट दुसऱ्या राष्ट्राच्या दारात बदली म्हणून उभे केले आहे. आणि ज्याच्या जागी तो उभा आहे, तो आजारी म्हणून गैरहजर नाही, तो बंदुकीच्या धाकाने बाहेर ठेवला गेला आहे. देशातील प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी या कराराला विरोध केला, तो याच कारणासाठी. त्यांना राष्ट्रद्रोही ठरविणे सोपे आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे.

या जागेवर उभे राहण्याची किंमत काय, हेही लवकरच कळले. ४ मार्च २०२४ रोजी उत्तर इस्रायलमधील मार्गालियोट येथे फळबागेवर क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार ठार झाला. पहिल्या फेरीत गेलेल्यांपैकी अनेकांना त्यांच्या हुन्नराचे काम न देता हमालीची, साफसफाईची कामे दिली गेल्याची आणि काही शेकडा लोक परत आल्याची वृत्ते सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध पेटले, तेव्हा भारतीयांना परत आणण्याची मोहीम सरकारला काढावी लागली. ज्या भूमीतून नागरिकांना सोडवून आणावे लागते, त्याच भूमीवर नागरिकांना कामाला पाठविण्यासाठी सरकारी संस्थेत चाचण्या भरवायच्या, हा कोणत्या जबाबदार शासनाचा धर्म आहे? परकी मजुराला एकाच मालकाच्या दावणीला बांधणारी पद्धत म्हणजे गुलामगिरीचे आधुनिक रूप होय, असा अभिप्राय खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला होता. परदेशी न्यायाधीशांना जे दिसले, ते दिल्लीच्या आणि मुंबईच्या सचिवालयांना दिसू नये?

या शहराला तरी असे दृष्टिमांद्य शोभत नाही. कारण कराराने बांधलेल्या मजुरीचा प्रश्न देशापुढे मांडणारा माणूस याच पुण्याचा होता. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर आणि पुढे नाताळ, फिजी, गयाना, त्रिनिदाद येथे लाखो भारतीय मजूर ठरावीक वर्षांच्या कराराने नेले गेले. त्या कराराला त्यांनी ‘गिरमिट’ म्हटले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबे होती; त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. तेही तात्पुरतेच गेले होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि पुढच्या वर्षी ती भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी गिरमिट पद्धतच मुळातून रद्द करण्याचा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला; सरकारी मतांनी तो पाडला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील भारतीयांची दैना डोळ्यांनी पाहून आले. गिरमिटाची भरती थांबली ती १९१७ साली. ते पाहण्यास गोखले उरले नव्हते.

तेव्हाच्या सरकारी बाकांवरून कोणते युक्तिवाद होत होते? मजूर स्वखुशीने जातो. त्याला तेथे अधिक मजुरी मिळते. करारात साऱ्या सोयी लिहिलेल्या आहेत. देखरेखीला अधिकारी नेमलेला आहे. आजची सरकारी पत्रके वाचणाऱ्याला हे युक्तिवाद ओळखीचे वाटतील. आजचा करार म्हणजे जुने गिरमिट, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आजच्या कामगाराला चाबकाचे फटके बसत नाहीत आणि करार मोडल्याबद्दल फौजदारी कैद भोगावी लागत नाही. पण स्वखुशीचा युक्तिवाद तेवढाच पोकळ आहे. ज्याच्यापुढे उपासमार आणि करार असे दोनच पर्याय आहेत, त्याच्या सहीला स्वखुशी म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे, हे गोखल्यांसारख्या नेमस्ताला कळले होते. आजच्या जहाल देशभक्तांना ते कळत नाही!

दुसरा धडा जर्मनीच्याच इतिहासात आहे. महायुद्धानंतर उद्योग उभे करण्यासाठी पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी मजूरभरतीचे करार केले. हे ‘पाहुणे कामगार’ काही काळ राबतील आणि परत जातील, अशी योजना होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या काळात भरती बंद झाली. पण माणसे काही वायदेबाजारातील माल नव्हती, की गरज संपताच परत पाठवावी. ती राहिली, संसार थाटून बसली, आणि त्यांच्या मुलांनी परकेपणाचे चटके कितीतरी वर्षे सोसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठविण्याची घोषणा केली. भाषेचे शिक्षण आधी देण्याचा विचार या योजनेत आहे, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिकडच्या मालकाने मध्येच काढून टाकले तर काय, येथल्या औद्योगिक प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे तेथे कोणत्या दर्जाची धरली जाणार, भाषेच्या परीक्षेत घसरलेल्याचे वाया गेलेले वर्ष कोण भरून देणार, या प्रश्नांना घोषणेच्या सनईचौघड्यात जागा मिळाली नाही. ‘मनुष्यबळ पुरविणे’ हा शब्दप्रयोगच बोलका आहे. पुरवठा मालाचा होतो आणि पुरवठादाराची जबाबदारी माल पोहोचविण्यापुरतीच असते.

या पुरवठ्याचा फायदा मात्र राष्ट्राच्या खात्यावर मोजला जातो. २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. जगातील कोणत्याही देशाला एवढी रक्कम आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये त्यातील सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला. यातील मोठा भाग सुशिक्षित नोकरदारांचा आहे हे खरे. पण आखातातल्या उन्हात मिळविलेला दिनार-दिरहमही त्यात आहे. परकीय चलनाच्या गंगाजळीत या घामाचा थेंब चालतो. घाम गाळणाऱ्याची जबाबदारी चालत नाही. परदेशगमनाचा कायदा १९८३ सालचा. दलालाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि कर यांपेक्षा जास्त घेऊ नये, असा नियम आहे. आणि तो पाळला जात नाही हे गावोगावच्या पोराटोरांना ठाऊक आहे. २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली नव्या विधेयकांचे मसुदे लोकांपुढे ठेवले गेले. मसुद्यांनी कोणाचे दागिने सुटत नाहीत.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवरील वागणूक याहून उद्बोधक आहे. स्थलांतरित कामगारांना स्थानिकांच्या बरोबरीची वागणूक देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ सालचा ९७ क्रमांकाचा ठराव जर्मनीने मान्य केला आहे, इस्रायलनेही मान्य केला आहे. भारताने केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९९० सालचा स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार फिलिपिन्स, श्रीलंका, बांगलादेश या माणसे पाठविणाऱ्या देशांनी स्वीकारला. भारताने तोही नाही. याचे कारण उघड आहे. परक्या देशात आपल्या कामगारासाठी जे मागायचे, ते आपल्या देशात आलेल्या परक्या कामगाराला द्यावे लागेल, ही ती भीती होय.

आणि परका कामगार पाहण्यासाठी बुधवार पेठ सोडून जाण्याचे कारण नाही. १८४८ साली फुले दांपत्याने ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गल्ल्यांत नेपाळातून, बांगलादेशातून आलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे राहत आहेत. त्यांतील कित्येकींना ‘शहरात काम लावून देतो’ एवढ्याच वचनावर आणले गेले. त्याही थोड्या दिवसांसाठीच निघाल्या होत्या. घरी पैसे पाठवायचे आणि परतायचे, हाच त्यांचाही हिशेब होता. वचन देणारा दलाल, मध्ये सरकार कोठेच नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर परतीचा रस्ता बंद : हे सूत्र पेठेने इतक्या जवळून पाहिले आहे, की परदेशी कामाचे आमिष म्हणजे काय, हे तिला शिकवावे लागू नये. सभ्य पुणे या गल्ल्यांकडे नैतिकतेच्या चष्म्यातून पाहते आणि मान फिरविते. श्रमिकाच्या हक्काच्या दृष्टीने पाहिले असते, तर औंधच्या चाचण्यांच्या रांगेकडे पाहतानाही ते सावध झाले असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. येथे काम नाही. तेव्हा जाणाऱ्याला अडविणारे तुम्ही कोण? आक्षेप प्रामाणिक असेल, तर त्याचे उत्तरही प्रामाणिक असले पाहिजे. कोणालाही अडविण्याचा अधिकार कोणाला नाही. युद्धभूमीवर सरकारने स्वतः माणसे भरती करू नयेत, एवढी एक गोष्ट सोडली, तर माणसाने जगात कोठेही जाऊन कष्टावे. समाजवादी विचाराने कामगाराला कधीही कुंपणात कोंडलेले नाही. प्रश्न जाण्याचा नाही, जाताना पाठीशी काय आहे, याचा आहे. शिवाय ‘येथे काम नाही’ हे वाक्य राज्यकर्त्यांच्या तोंडी शोभत नाही. कारखान्यांतून कायम कामगार हद्दपार करून कंत्राटी आणणारे तेच, सरकारी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणारे तेच, आणि मग बेकारीचा दाखला देऊन परदेशी भरतीचे मंडप घालणारेही तेच.

पाठीशी काय असावे, हे शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी ज्या लढाया दिल्या, त्यांच्या रेट्यातून माथाडी कामगारांचा १९६९ सालचा कायदा उभा राहिला. ज्याला एक मालक नाही, ज्याचे काम आज येथे तर उद्या तेथे, अशा हमालाला कायदा म्हणत होता की तू कोणाचाच नोकर नाहीस. माथाडी मंडळाने हे कोडे सोडविले. मालकाने मजुरी मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि त्याबरोबर भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांचाही हिशेब ठेवायचा. काम तात्पुरते राहिले. कामगार तात्पुरता राहिला नाही. लक्ष्मी रस्त्यावर गाठोडी वाहणाऱ्या माणसासाठी जे महाराष्ट्राने करून दाखविले, ते समुद्रापलीकडे जाणाऱ्या कामगारासाठी करता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. परदेशी करारावर जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची राज्याच्या त्रिपक्षीय मंडळात नोंद व्हावी आणि त्या मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. भरतीचा सारा खर्च परदेशी मालकाने मंडळात भरावा. कामगाराकडून एक पैसाही घेतला जाऊ नये. कराराची मराठी प्रत सहीच्या आधी पुरेसे दिवस त्याच्या हाती पडावी. मालक बदलण्याचा आणि संघटनेत सामील होण्याचा हक्क ज्या करारात नाही, त्यावर शासनाने शिक्का मारू नये. परदेशातील कामाचे दिवस येथील कल्याण मंडळाच्या हिशेबात धरले जावेत. आखाती देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार व्हावेत आणि आंतरराष्ट्रीय ठराव भारताने विनाविलंब मान्य करावेत. त्याचा लाभ बुधवार पेठेतल्या परक्या स्त्रीलाही मिळाला, तर त्यात देशाची अब्रू वाढेल, कमी होणार नाही.

वाड्याच्या माडीवरचा अभियंता दीड वर्षाने परत येईल आणि आपल्या खुर्चीवर बसेल. तळमजल्यावरचा कारागीरही परत येईल. त्याने बसविलेल्या फरशीवर दुसऱ्या देशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालतील. फरशी तात्पुरती नसते. तो परतेल तेव्हा सराफाकडचा दागिना सुटलेला असावा, मंडळाच्या वहीत त्याचे नाव शाबूत असावे आणि राबलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद त्याच्या खात्यावर असावी. एवढे जे शासन देऊ शकत नाही, त्याने परदेशी रोजगाराच्या नावाने सत्कार स्वीकारू नयेत.